नागोबा, जरा पलीकडच्या सोसायटीत

कोपरीत 'आमची बाग आहे' असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याने फार मोठे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. ठाणे पूर्वेच्या या भागात बाग म्हणजे इमारतीची मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये बिल्डरच्या नजरेतून सुटलेली पाच-सहा फुटांची पट्टी. तिच्यात एक तुळस, एक जास्वंद, एक कढीपत्ता (याला पाणी एक घर घालते आणि फोडणीला तो सोळा घरांत जातो), कोपऱ्यात केळीचे बेट आणि मोरीच्या पाण्यावर माजलेला अळू एवढी वनसंपदा असते. अळू कोणी मुद्दाम लावलेला नसतो. पाइप फुटतो, सेक्रेटरी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात तिथे फदफद्यापुरती पाने तयार असतात. पाण्याला बेडूक येतात. बेडकांच्या मागावर आणखी कोणीतरी येते. मग आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी पाने खुडायला गेलेल्या काकू हातातली सुरी तिथेच टाकून, वयाला न शोभणाऱ्या वेगाने घरात येतात, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकच शब्द जिना चढत जातो.

आता, 'साप कोपरीत आला' हे म्हणणेच मुळात थोडे उद्धटपणाचे. या वस्तीच्या एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला द्रुतगती महामार्ग, आणि मीठबंदराच्या दिशेने चालत गेले की खाडी, चिखल आणि खारफुटी. खाली मुलुंडच्या बाजूला मिठागरे. याच खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ठाणे खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जाऊन बसली. त्या खाडीतला गुलाबी रहिवासी पाहायला ठाणेकर दुर्बीण घेऊन जातात. तिथलाच दुसरा रहिवासी जिन्याखाली दिसला, की झाडू घेऊन धावतात. बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोचली १६ एप्रिल १८५३ रोजी. फाळणीनंतर कोपरी कॉलनीत सिंधी कुटुंबे वसली. मग चार मजली इमारती आल्या आणि आता त्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. या सगळ्या काळात सापांनी ना वाढीव चटईक्षेत्र मागितले, ना पर्यायी जागेचे भाडे. 'आयत्या बिळात नागोबा' ही म्हण माणसांनी तयार केली आहे, हे विसरू नये. इमारतच कोणाच्या बिळावर उभी आहे, हे त्या म्हणीत येत नाही.

साप दिसल्यानंतरची पहिली दहा मिनिटे कोणत्याही सोसायटीत सारख्याच क्रमाने जातात. पहिला माणूस म्हणतो, 'मारा.' तो स्वतः मारत नाही. त्याचे काम प्रस्ताव मांडण्याचे. दुसरा घाईघाईने अडवतो, 'मारू नका हो, नाग आहे, जोडी असते. दुसरा सूड घ्यायला येतो.' सापाच्या मेंदूत सुडाची नोंदवही ठेवायला जागा नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. हिंदी सिनेमाने या बाबतीत केलेले शिक्षण फार पक्के आहे. तिसरा माणूस दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून चित्रीकरण करत असतो आणि तिथूनच, चाळीस फुटांवरून, संधिप्रकाशात, सापाची जात निश्चित सांगतो. चौथे गृहस्थ मूळचे कोकणातले. 'हे काय, आमच्याकडे तर अंगणात...' अशी त्यांची सुरुवात होते आणि ते अंगण संपेपर्यंत साप निघून गेलेला असतो. कुणीतरी मग उगाच काठीने अळू झोडपून काढते. साप साप म्हणून भुई धोपटणे हा वाक्प्रचार ज्यांना शब्दशः पाहायचा असेल, त्यांनी पावसाळ्यात अशा वेळी हजर राहावे.

गंमत अशी, की चाळीस फुटांवरून ठरलेली जात बहुतेक वेळा चुकते, आणि ती नेहमी एकाच दिशेने चुकते. घरात शिरणारा, भिंतीवर चढणारा, टीचभर ते दोन फूट लांबीचा, तपकिरी अंगावर पिवळट-पांढरे पट्टे असलेला साप दिसला, की 'मण्यार, मण्यार' असा गलका होतो. तो बहुधा कवड्या असतो. पूर्ण बिनविषारी. पाली खाणे हा त्याचा जन्मभराचा व्यवसाय, आणि कोपरीतल्या ट्यूबलाइटखाली त्या व्यवसायाला मरण नाही. ज्या घरात पालीला पाहून किंचाळणारी माणसे आहेत, त्या घराने खरे म्हणजे कवड्याला सभासदत्व द्यायला हवे. फरक ओळखायचा तर असा: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचा काळा, चकचकीत देह मानेजवळ कोरा असतो, पांढऱ्या बारीक रेषांच्या जोड्या पुढे सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक जातात. अर्थात समोर साप असताना पट्टे मोजत बसणे हा काही शहाणपणा नव्हे. ओळख पटेपर्यंत दोघांपासूनही सारखेच दूर राहावे.

अळवातला तो बहुधा दिवड, म्हणजे पाणसाप. रागीट, चावरा आणि बिनविषारी. बेडूक आणि मासे एवढेच त्याचे जग. कंपाउंडच्या भिंतीवरून दिवसाढवळ्या सात फूट लांबी मिरवत जाणारी ती धामण, तीही बिनविषारी. तिच्याबद्दल मात्र जेवढ्या कथा आहेत तेवढ्या पुढाऱ्यांबद्दलही नसतील: ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत विष असते, शेपटीचा फटका बसला की अंग झडते. वास्तवात धामण पिते पाणी आणि खाते उंदीर. कोपरीत गाय शोधायची, तिचे पाय बांधायचे आणि मग दूध काढायचे, इतका उद्योग ती करील असे वाटत नाही. समोरच्या गटारात जेवण धावत असते.

हे सगळे खरे असले तरी चार नावे गंभीरपणे घ्यावीच लागतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, पण माणसे दगावतात ती बहुतेक या चौघांमुळे. ठाण्याच्या डोंगर-खाडीच्या पट्ट्यात आणि कल्याण-डोंबिवलीच्या मोकळ्या माळांवर नाग आणि घोणस नवे नाहीत. घोणस निदान सूचना तरी देते. ती फुत्कारते तेव्हा कुकरची शिट्टी अडकून वाफ सुटत राहावी तसा आवाज येतो. मण्यार सूचना देत नाही. तो रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. म्हणून विनोदी लेखातही एक वाक्य सरळ लिहावे लागते: पावसाळ्यात तळमजल्यावर जमिनीवर अंथरूण टाकू नये, टाकलेच तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.

एरवी सापाला माणसात रस नाही, हे पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली फार अवघड पद्धतीने सिद्ध करून दाखवले. काचेच्या खोलीत ७२ विषारी साप सोडून ते त्यांच्यात ७२ तास बसले आणि सुखरूप बाहेर आले. आपण डिवचले नाही, तर साप आपल्याला खुर्ची समजतो, एवढे त्यातून लोकांनी शिकायचे होते. लोकांनी विक्रम लक्षात ठेवला आणि खुर्ची विसरली.

तर मुद्दा सापाला न मारता, न दुखावता, 'आपण इथे येऊ नये' हे सांगायचे कसे, हा. या विषयावर प्रत्येक घराकडे एक रामबाण उपाय आहे, आणि तो दुकानात मिळतो.

सर्वांत लोकप्रिय फिनाईल. बागेच्या कडेने पांढरी लक्ष्मणरेषा ओढली जाते, दोन दिवस सगळी इमारत सरकारी इस्पितळाच्या वासाने भरून जाते, तिसऱ्या दिवशी सर येते आणि रेषा खाडीला मिळते. जुन्या मंडळींचा भरवसा कार्बोलिक ॲसिडवर. ते अंगावर सांडले तर सापाला खरोखरच इजा होते. मांजरालाही होते, आणि तिथे चेंडू शोधायला गेलेल्या मुलालाही. म्हणजे ते हाकलण्याचे औषध नव्हे, जाळण्याचे आहे. डांबराच्या गोळ्या, गंधक, चुना, तिखट यांचे उपासकही पुष्कळ. अमेरिकेत १९८५ साली दोन संशोधकांनी असे घरगुती उपाय एकेक करून उंदीरखाऊ काळ्या सापांपुढे मांडले. डांबराच्या गोळ्या होत्या, गंधक होते, चुना होता, तिखटाचा फवारा होता, दोरखंडही होते. साप एकेक करून सगळ्यांवरून निघून गेले.

नर्सरीवाले सर्पगंधेचे रोप देतात. नावातच साप असल्यामुळे गिऱ्हाईक आणखी काही विचारत नाही. या झाडाच्या मुळांतून १९५२ साली रेसर्पीन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि ते रक्तदाबावरचे औषध म्हणून जगभर गाजले. तेव्हा सर्पगंधेने कोणाला शांत केलेच असेल तर सापाला नव्हे, साप पाहिलेल्या माणसाला. आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, कुंडीतून उपटून नव्हे. याच्या उलट रातराणी आणि केवडा यांच्यावर साप बोलावण्याचा आळ आहे. त्या वासाने सापाला मोहिनी पडते म्हणतात. सापाला मोह पडतो तो झुडपाखालच्या गारव्याचा आणि दिव्या-फुलांपाशी जमलेल्या किड्यांमागून येणाऱ्या बेडकांचा. रातराणी बिचारी बुंध्याशी साफ ठेवली, तर निर्दोष सुटते.

नवा जमाना यंत्राचा आहे. सौर ऊर्जेवर चालणारा एक खुंटा बागेत रोवायचा. तो म्हणे अतिउच्च ध्वनिलहरी सोडतो आणि साप पळतात. साप अगदीच बहिरा नसतो, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या २०२३ सालच्या प्रयोगांत दिसले. हवेतून आलेल्या आवाजालाही काही जातींनी प्रतिसाद दिला. पण ते आवाज होते साडेचारशे हर्ट्झच्या आतले, खर्जातले. खुंटा बोलतो वीस हजार हर्ट्झच्या वर. म्हणजे ज्या सुरात सापाला ऐकूच येत नाही, त्या सुरात यंत्र त्याला रात्रभर 'चालता हो' म्हणत राहते, आणि मालक सकाळी चार्जिंगचा हिरवा दिवा पाहून समाधान पावतो. कुत्र्यांनी दारात घाण करू नये म्हणून निळ्या पाण्याच्या बाटल्या लटकवणाऱ्या समाजात हा खुंटा खपणार नाही तर काय?

त्या मानाने आस्तिक ऋषींचे नाव दारावर लिहिण्याची जुनी पद्धत स्वस्त आणि निरुपद्रवी. जनमेजयाचे सर्पसत्र थांबवून सापांना वाचवणारा हा ऋषी. त्याच्या नावाचा मान राखून साप परत फिरतात, अशी समजूत. निदान खडूने साप भाजत तरी नाही. श्रावणात तर याच घरांत भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, त्यात कालियावर नाचणारा कृष्ण असतो, पंचमीला पाटावर गंधाचा नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला जातो. त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, खणायचे नाही. षष्ठीला तोच देव प्रत्यक्ष मोरीत प्रकटला, की फायर ब्रिगेडला फोन. दूध सापाचे अन्न नव्हेच. गारुड्याच्या टोपलीतला नाग ते प्यायचा, कारण त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असे.

मारण्याने प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांसाठी रत्नागिरीचा दाखला ठेवलेला बरा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने तिथे फुरसे मारून आणणाऱ्याला रोख बक्षीस लावले. सहा वर्षे हा कारभार चालला आणि वर्षाला सरासरी सव्वादोन लाख फुरशांचे पैसे दिले गेले, अशी त्या काळची नोंद आहे. एवढा नरसंहार, चुकलो, सर्पसंहार होऊनही कोकणातल्या कातळावर फुरसे आजही आहे. ते बक्षीस आणि ते सरकार मात्र राहिले नाही. आता तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप मारणे, पकडून ठेवणे किंवा त्याचे खेळ करणे हा गुन्हा आहे. ती दुसऱ्या मजल्यावरची चित्रफीत, जिच्यात सोसायटीचे तीन सन्माननीय सभासद काठ्या घेऊन दिसतात, हा त्यामुळे पराक्रम ठरत नाही. तो पुरावा ठरतो.

मग उरते काय? उरते ते फार कंटाळवाणे आहे, फुकट आहे, आणि म्हणूनच कोणी करत नाही. सापाला तीन गोष्टी लागतात: खायला, लपायला आणि गारवा. त्या काढून घेतल्या की तो स्वतःहून दुसरीकडे जातो. पण कोपरीत यातली लपायची जागा काढून घेणे म्हणजे मराठी कुटुंबाच्या मर्मावर हात घालणे.

कारण त्या सहा फुटांच्या पट्टीत झाडे असतात ती निमित्तापुरती. मुख्य पीक अडगळीचे. चौथ्या मजल्यावर नवीन फरशी बसली तेव्हा उरलेल्या चौदा फरशा, 'एखादी फुटली तर मॅचिंग मिळत नाही' म्हणून तिथे आल्या. ते कुटुंब नंतर घोडबंदर रोडला राहायला गेले, फरशा इथेच आहेत. जुना कमोड आहे. पाण्याच्या टाकीचे झाकण आहे, टाकी नाही. पत्रे आहेत, कोणी शेड बांधणार होते. थर्माकोलचे मखर आहे. थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, पण हे मखर त्याआधीचे, वारसा वास्तूच म्हणायची. एक तीनचाकी सायकल आहे. तिचा मालक आता स्वतःच्या मुलासाठी सायकल पाहतो आहे, तीही अमेरिकेत. शिवाय फुटक्या कुंड्यांची उतरंड, नारळाची सोडणे, शेवग्याच्या वाळक्या फांद्या, आणि या सगळ्यावर घातलेले निळे प्लास्टिक, कारण पावसात अडगळ भिजून खराब झाली तर? सापाच्या दृष्टीने ही तीन खोल्यांची, हवेशीर, पावसापासून सुरक्षित जागा झाली, आणि खाली उंदीर म्हणजे घरपोच जेवणाची सोय.

हे हलवा म्हटले, की वार्षिक सर्वसाधारण सभेत पहिल्यांदाच सर्वांचे एकमत दिसते. 'लागतं कधीतरी.' ज्याने फरशी ठेवली तो म्हणतो कमोडवाल्याने आधी उचलावा. कमोडवाला म्हणतो तो कमोड आधीच्या मालकाचा. पत्रे कोणाचे हे कोणालाच माहीत नसते, पण भंगारवाला दारात आला की चार वारस उभे राहतात. साप हाकलण्यासाठी दोन हजारांचे यंत्र एका आवाजात मंजूर होते. त्याच सभेत अडगळ उचलायचा पाचशे रुपयांचा टेम्पो पुढच्या वर्षावर जातो.

उंदरांचे गणित तर याहून सरळ. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सात-आठ पिल्ले, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः संसाराला लागतात. त्यांना पोसते कोण? ओल्या कचऱ्याची पिशवी रात्रीच खाली ठेवणारे पहिल्या मजल्यावरचे. कबुतरांना पुण्यासाठी मूठभर ज्वारी टाकणाऱ्या आजी; त्या ज्वारीतली अर्धी खाली अळवात पडते. मांजराला ताटलीभर दूध-भात ठेवून झोपी जाणारी कॉलेजकन्या. हे तिघेही सापाला सर्वांत जास्त घाबरतात आणि त्याची आमंत्रणपत्रिकाही तेच छापतात. यावर विषाच्या वड्या टाकणे हा शॉर्टकट; पण विष खाल्लेला उंदीर सापाच्या, घुबडाच्या पोटात गेला, की उंदीर पकडणारेच मरतात. चिकट पुठ्ठ्याचे सापळे त्याहून वाईट. उंदराच्या मागे आलेला साप त्याला चिकटतो, आणि मग सर्पमित्राला खाण्याचे तेल चोळत इंचाइंचाने त्याला सोडवावे लागते. शेंगदाण्याच्या तेलाचा आजचा भाव पाहता हा सापळा परवडणारा नाही.

बाकीची कामे एका रविवारची. अळू पुरता उपटायची गरज नाही (फदफद्याशी वैर कोणाला हवे?), पण गळका पाइप दुरुस्त करून पाने विरळ ठेवावीत, म्हणजे जमीन दिसते. कुंड्या भिंतीला खेटून जमिनीवर न ठेवता फूटभर उंच स्टँडवर. केळीची वाळकी पाने वेळच्या वेळी काढलेली. कंपोस्टचा ढीग उघडा नको. त्याच्या उबेत साप अंडी घालतात. झाकणाचा, खाली जाळी बसवलेला पिंप चालतो. खिडकीला टेकलेली फांदी छाटावी, कारण कवड्या आणि झाडावरचे साप तिचा जिना करतात. नहाणीच्या जाळ्या, एसीच्या पाइपाभोवतीची भोके, दाराखालची फट हे बुजवायला सिमेंट, रबरी पट्टी आणि पाव इंचाहून बारीक भोकांची तारेची जाळी एवढेच लागते. पक्ष्यांपासून फळे वाचवायला लावलेली नायलॉनची जाळी मात्र जमिनीवर लोळू देऊ नये. धामण त्यात शिरते, मागे सरता येत नाही, आणि दोरे तिच्या अंगात रुततात. आणि रात्री बागेत जाताना बॅटरी. मोबाइलचा उजेड चालेल, पण तो जमिनीकडे असावा, चेहऱ्याकडे नव्हे.

एवढे करूनही एखादा येतोच. पावसाने बिळे भरतात, शेजारी पुनर्विकासाचा खड्डा खणला जातो, आणि तिथले भाडेकरू चारी दिशांना निघतात. अशा वेळी सात-आठ फूट मागे उभे राहून, त्याला जायची वाट मोकळी ठेवून, नजर न हलवता थांबणे हे सर्वांत अवघड काम आहे, कारण त्यात करायचे काहीच नसते. साप घरात अडकला असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक किंवा सर्पमित्र.

सर्पमित्र ही महाराष्ट्रातली एक वेगळीच जमात. ठाणे-कल्याण पट्ट्यात रात्री दोन वाजता फोन गेला, तरी दुचाकीवर आकडा आणि कापडी पिशवी बांधून कोणीतरी येते. आल्याबरोबर त्याला विचारले जाते, 'विषारी आहे का?' उत्तर 'नाही' आले की जमावाचा स्पष्ट हिरमोड होतो. एवढ्या आरडाओरड्याला कवड्या हा फार लहान शेवट वाटतो. मग फोटो. मग 'दादा, जरा फणा काढायला लावा ना.' यातले काही दादा तसे करतात, नागाचे चुंबन घेतानाची चित्रफीतही टाकतात, आणि त्यांतले काही त्यातच गेले आहेत. चांगला सर्पमित्र ओळखायचा तो यावरून, की त्याच्या कामात पाहण्यासारखे काही नसते. आकडा, पिशवी, गाठ, नोंद, आणि तो गेला. राज्य सरकारने २०२५ साली या मंडळींना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याचे जाहीर केले. सोसायटी त्यांना चहा देते, तोही पिशवी हातात धरून जिन्यातच.

निघताना त्याला एक कळकळीची विनंती होते: 'लांब सोडा हं. एकदम लांब.' कोपरीला वाटते येऊरला सोडावा. येऊरच्या बंगलेवाल्यांना वाटते भिवंडीपलीकडे सोडावा. भिवंडीला काय वाटते, हे अजून कोणी विचारलेले नाही. सापाचा मात्र यात जीव जातो. त्याचे बीळ, त्याचे पाणी, त्याचे रस्ते ठरलेले असतात. अनोळखी जागी नेऊन टाकलेले साप सैरभैर हिंडतात, गाड्यांखाली येतात, उपाशी राहतात, असे रेडिओ ट्रान्समीटर लावून केलेल्या पाहण्यांत आढळले आहे. म्हणून जाणकार मंडळी जवळच्याच योग्य अधिवासात सोडण्याचा आग्रह धरतात. कोपरीच्या बाबतीत जवळचा अधिवास म्हणजे रस्ता ओलांडून समोरची खारफुटी. हे सर्पमित्र मोठ्याने सांगत नाही. 'लांब सोडतो' म्हणून मान डोलावतो आणि दुचाकीला किक मारतो.

साप चावलाच, तर मात्र कोणत्याही काकांचा सल्ला ऐकू नये. आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही, कोंबडी लावायची नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही. अंगठी-बांगडी काढायची, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना गाठायचे. प्रतिविष हेच औषध; परळच्या हाफकिनमधून ते पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहे आणि वरच्या चारही सापांवर तेच एक चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवण्याची गरज नाही. डॉक्टरही माणूस असतो. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. तिथे रुग्णालय कित्येक कोसांवर असते. कोपरीकराला रिक्षा मिळण्याचीच काय ती चिंता.

सोसायटीच्या पुढच्या सभेत नहाणीच्या जाळ्यांचा विषय क्रमांक सातवर होता, रंगकामाच्या कोटेशननंतर आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' यांच्या आधी. जाळी प्रत्येकी साठ रुपये, बत्तीस नग. तळमजल्याचे म्हणणे, साप सोसायटीच्या पाइपातून येतो, तेव्हा हा सामाईक खर्च. चौथ्या मजल्याचे म्हणणे, आमच्याकडे साप येत नाही, आम्ही का द्यायचे? दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रीकरणवाल्यांनी लिफ्ट नसलेल्या इमारतीतही साप चौथ्या मजल्यापर्यंत चढल्याची एक चित्रफीत तिथेच दाखवली. चौथ्या मजल्याने ती दोनदा पाहिली आणि जाळीत स्टेनलेस स्टीलची घेतली तर गंजणार नाही, अशी दुरुस्ती सुचवली. ठराव मंजूर झाला. फरशांचा विषय निघाला तेव्हा चहा आला होता.